एकच गंगाजळी : जर्मनीत तीनदा हुकलेला कायदा

दरवर्षी गणेशोत्सवात आरती झाली, प्रसादाची रांग लागली, की एखादे नवे जोडपे मला गाठतेच. नुकतेच पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले, नोकरी नवी कोरी, घराचा अजून पत्ता नाही, आणि प्रश्न मात्र ठरलेला : "काका, प्रायव्हेट घ्यायचं की सरकारी?" 'काका' ही हाक आता अंगवळणी पडली आहे. प्रश्न मुलांच्या शाळेचा नसतो. तो असतो आरोग्य विम्याचा.

आजवर मी तीन प्रतिप्रश्न विचारून मोकळा होत असे. पगार किती? मुले किती? कायमचे राहणार की परत जाणार? गेल्या गणेशोत्सवात मात्र माझी जीभ अडखळली. कारण 2025 मध्ये मी स्वतःच चौदा वर्षांनी एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो, आणि हे करताना आपण शहाणपणा केला की लबाडी, याचा निवाडा मला करता येत नव्हता. त्या जोडप्याला मी म्हटले, "थोडं वाचून सांगतो." अभियांत्रिकीतल्या माणसाने इतिहासाच्या वाटेला सहसा जाऊ नये. पण यंत्र असेच का बांधले आहे हे समजत नसेल, तर त्याचे जुने आराखडे काढून बघावेच लागतात. या लेखात ते आराखडे उलगडून दाखवायचा विचार आहे.

प्रथम आजची परिस्थिती. जर्मनीत सुमारे 7 कोटी 40 लाख लोक सार्वजनिक विम्यात आहेत. आपण ज्यांना क्रांकेनकासे म्हणतो, त्या आजारपणाच्या विमा-संस्था हा विमा चालवतात. सुमारे 87 लाख लोक खासगी विम्यात आहेत. नोकरदाराला खासगी विम्यात जायचे असेल तर त्याचा पगार एका ठराविक रेषेच्या वर हवा. 2025 साठी ही रेषा वर्षाला 73,800 युरो होती. रेषेखालच्यांना सार्वजनिक विमा सक्तीचा. वरच्यांना मात्र बाहेर पडण्याची मुभा. म्हणजे ज्याला कमी मिळते त्याने सर्वांच्या गंगाजळीत भर घालायचीच, आणि ज्याला भरपूर मिळते त्याने मनात आले तर घालायची. हे असे का? सगळ्या देशाची एकच गंगाजळी आणि दवाखान्याची बिले चुकवणारा एकच हात, अशी व्यवस्था ब्रिटनने 1948 मध्ये उभी केली. विम्याची जन्मभूमी म्हणवणाऱ्या जर्मनीला ती का जमली नाही?

वाचकहो, ती कल्पना इथे कोणाला सुचलीच नाही असे मुळीच नाही. तीन वेळा ती दारापर्यंत आली, आणि तिन्ही वेळा उंबरठ्यावरून परतली.

पहिली वेळ : बिस्मार्कचा डाव

जर्मन सामाजिक विम्याचे श्रेय बिस्मार्कला दिले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण त्याला जे हवे होते ते त्याला मिळाले नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

1878 मध्ये त्याने समाजवादी चळवळीवर बंदी घालणारा कायदा करून घेतला होता. एका हातात छडी घेतल्यावर दुसऱ्या हातात खाऊ हवा, हे त्या मुरब्बी राजकारण्याला पक्के ठाऊक होते. कामगाराला आजारपणात, अपघातात, म्हातारपणात सरकारकडून पैसे मिळाले, तर तो समाजवाद्यांमागे न जाता राज्याशी बांधलेला राहील, हा त्याचा हिशेब. म्हणून 1881 च्या अपघात विम्याच्या विधेयकात त्याने साऱ्या साम्राज्यासाठी एकच सरकारी विमा-संस्था सुचवली आणि तिच्यात सरकारी तिजोरीतून भर घालायचे ठरवले. पैसा उभा करण्यासाठी तंबाखूचा मक्ता सरकारकडे घ्यायचा, हाही बेत होता.

राईशस्टागने, म्हणजे तेव्हाच्या संसदेने, या बेताला सुरुंग लावला. उदारमतवाद्यांना सरकारच्या हातात इतकी सत्ता नको होती. कॅथलिक पक्षाला आणि घटक राज्यांना बर्लिनचे प्रस्थ वाढायला नको होते. संसदेने सरकारी अनुदान आणि मध्यवर्ती संस्था ही दोन्ही कलमे काढून टाकली, तेव्हा विधेयकात राम उरला नाही म्हणून सरकारनेच ते सोडून दिले. पाठोपाठ 17 नोव्हेंबर 1881 रोजी सम्राटाचा तो प्रसिद्ध संदेश संसदेत वाचला गेला आणि नव्याने मांडणी सुरू झाली. तंबाखूच्या मक्त्याचे विधेयकही 1882 मध्ये पडले.

या सगळ्यात आजारपणाचा विमा हा धाकटा भाऊ होता. बिस्मार्कचे लक्ष अपघात विम्याकडे. आजारपण विम्याचा मसुदा मुख्यतः तेओडोर लोमान या अधिकाऱ्याने घडवला, आणि तो सरकारशाहीपेक्षा लोकांनी स्वतः चालवलेल्या संस्थांवर विश्वास ठेवणारा होता. खाणकामगारांच्या, कारागिरांच्या संघांच्या, कारखान्यांच्या मदत-पेट्या जर्मनीत आधीपासून होत्या. आपल्या गिरणगावात गाववाल्यांची मंडळे आणि भिशी असायची, साधारण त्याच जातीचा हा प्रकार. लोमानने त्या मोडल्या नाहीत, त्यांनाच कायद्याच्या चौकटीत बसवले. जून 1883 मध्ये कायदा झाला आणि 1 डिसेंबर 1884 पासून तो लागू झाला. हप्त्याचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. आजारी पडल्यास डॉक्टर आणि औषध फुकट, तिसऱ्या दिवसापासून अर्धा पगार, तोही 13 आठवड्यांपर्यंत.

1885 मध्ये असे सुमारे 19,000 फंड होते आणि सुमारे 43 लाख सभासद. एका गंगाजळीऐवजी एकोणीस हजार घागरी भरल्या गेल्या. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर ही जेमतेम दहातील एक व्यक्ती. सुरुवात लहान होती, पण पाया घातला गेला, आणि त्याबरोबर बांधणीचा आकारही ठरून गेला.

घागरींची माया

यातली गंमत पुढेच आहे. हप्त्याचे दोन तृतीयांश कामगार भरत असल्याने फंडाच्या कारभारातही त्यांच्या दोन तृतीयांश जागा. राजकारणात बंदी असलेल्या समाजवाद्यांना कायदेशीरपणे एकत्र बसायला, हिशेब ठेवायला, निवडणुका लढवायला हे फंड म्हणजे आयती शाळाच मिळाली. स्थानिक फंडांवर हळूहळू त्यांचाच पगडा बसला. बिस्मार्कने ज्यांचे पंख कापण्यासाठी विमा आणला, त्यांनाच त्याने घरटे बांधून दिले!

याच समाजवादी पक्षाने 1891 मध्ये एर्फुर्ट येथे जो कार्यक्रम मंजूर केला, त्यात कामगारांचा सर्व विमा साम्राज्याने आपल्याकडे घ्यावा, कारभारात कामगारांचा निर्णायक वाटा असावा, आणि वैद्यकीय मदत, बाळंतपण व औषधे मोफत असावीत, अशा मागण्या आहेत. म्हणजे एकच गंगाजळी ही कल्पना आधी बिस्मार्कची, मग त्याच्या कट्टर शत्रूंची! फरक एवढाच की चावी कोणाच्या कमरेला असावी, यावर दोघांचे मत वेगळे.

पण माणसाचा स्वभाव असा की जे आपण चालवतो त्याच्यावर आपला जीव जडतो. कार्यकर्ते आपापल्या फंडात रमले. कारकुनी पेशातल्या लोकांनी आपले वेगळे फंड काढले. डॉक्टरही संघटित झाले. हेर्मान हार्टमान यांनी 1900 मध्ये लाइपझिगला डॉक्टरांची लढाऊ संघटना उभारली, आणि मानधन व रुग्णाला डॉक्टर निवडण्याची मुभा या प्रश्नांवर फंडांशी उभा दावा मांडला. 1911 मध्ये सर्व विमा-कायदे एका मोठ्या संहितेत गोळा झाले, तेव्हाही घागरी वेगवेगळ्याच राहिल्या.

मग 1933 आले. एप्रिलमध्येच ज्यू डॉक्टरांना फंडांच्या रुग्णांवर उपचार करण्यास मनाई करणारा हुकूम निघाला. फंडांतले समाजवादी आणि ज्यू कर्मचारी काढले गेले. 1934 च्या कायद्याने सभासदांचा स्वतःचा कारभार संपवून वरून नेमलेले प्रमुख बसवले. 30 सप्टेंबर 1938 रोजी ज्यू डॉक्टरांचे वैद्यकीय परवानेच रद्द झाले. नाझी श्रमिक आघाडीचा प्रमुख रोबेर्ट ले यानेही 1940 च्या सुमारास साऱ्या विम्यांची एकच राष्ट्रीय व्यवस्था करण्याचे आराखडे आखले होते, ते युद्धात बाजूला पडले. 'सगळ्यांसाठी एकच' हे शब्द नंतर कोणी उच्चारले, की ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकायची, तिचे मूळ इथे आहे.

दुसरी वेळ : भग्न बर्लिनमध्ये

1945 च्या उन्हाळ्यात बर्लिन म्हणजे विटांचा ढीग होता. जुन्या विमा-संस्थांच्या तिजोऱ्या रिकाम्या, कागदपत्रे जळालेली. अशा वेळी शहराच्या नव्या प्रशासनाने जुलैमध्ये एक धाडसी निर्णय घेतला. आजारपण, अपघात आणि निवृत्तिवेतन या तिन्ही विम्यांसाठी एकच संस्था काढली : फेअरझिशरुंग्स-अनश्टाल्ट बेर्लिन, म्हणजे बर्लिन विमा-संस्था. तिचे संचालक होते एर्न्स्ट शेलेनबेर्ग, जे पुढे पश्चिम जर्मनीच्या संसदेत समाजवादी पक्षाचे सामाजिक धोरणाचे जाणकार म्हणून ओळखले गेले. कामगार, कारकून, अधिकारी, छोटे व्यावसायिक, सगळे एका छताखाली. ज्या देशात 1885 मध्ये एकोणीस हजार फंड होते, त्याच्या राजधानीत आता बिले चुकवणारा हात एकच होता.

या प्रयोगाचे पडसाद वर पोचले. जर्मनीचा कारभार तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएत युनियन या चौघांच्या नियंत्रण परिषदेकडे होता. तिच्या तज्ज्ञांनी 1946 मध्ये संपूर्ण जर्मनीसाठी एकसंध सामाजिक विम्याच्या कायद्याचा मसुदा तयार केला. पगाराची रेषा नाही, कारकून-कामगार असा भेद नाही, छोट्या स्वतंत्र व्यावसायिकांनाही आत घ्यायचे. माझ्या मते या देशात एका गंगाजळीच्या सर्वांत जवळ गेलेला कायदा हाच.

याच काळात इतरत्रही हीच चर्चा होती. ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल 1942 मध्ये आला होता. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नोव्हेंबर 1945 मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला होता, आणि तिथे तो पुढे बारगळला. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल 1944 मध्ये दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या अहवालातूनच 1948 चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला, ज्याला आपण घरोघर 'इएसआय' म्हणतो. याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

जर्मनीतल्या मसुद्यावर मात्र चोहोबाजूंनी झोड उठली. डॉक्टर, खासगी विमा कंपन्या, कारकुनांचे फंड, कारागीर, मालक, सगळे विरोधात. कोणाला आपल्या फंडाचे पैसे दुसऱ्याच्या आजारात जाण्याची भीती, तर कोणाला एवढी मोठी संस्था पुन्हा एखाद्या हुकूमशहाच्या हाती पडण्याची. पहिली भीती स्वार्थाची होती, दुसरी अनुभवाची, आणि दोन्ही एकाच तोंडून बोलत असल्याने त्या वेगळ्या करणे अवघड होते. तेवढ्यात मित्रराष्ट्रांमध्येच फाटाफूट झाली. सोव्हिएत बाजूने आपल्या भागात जानेवारी 1947 च्या हुकुमाने एकसंध विमा लागू करून टाकला, तसा तो पाश्चात्त्यांच्या नजरेत 'पलीकडचा' ठरला. 20 मार्च 1948 रोजी सोव्हिएत प्रतिनिधी नियंत्रण परिषदेतून उठून गेले आणि मसुद्यावर पडदा पडला.

पश्चिम जर्मनीने जुनी घडी पुन्हा बसवली. फंड परत आले, हप्ते मालक-कामगारांत निम्मे-निम्मे झाले, 1951 च्या कायद्याने सभासदांचा कारभारही परत आला. पश्चिम बर्लिनमधली ती एकच संस्थाही 1950 च्या दशकात टप्प्याटप्प्याने मोडून पश्चिमेच्या साच्यात बसवली गेली.

हिरवी वही

पूर्वेत मात्र ती कल्पना चाळीस वर्षे टिकली. कामगार संघटनेच्या छत्राखाली चालणारा एक विमा. कामगाराचा हप्ता पगाराच्या 10 टक्के, तोही पहिल्या 600 मार्कांवरच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 60 मार्क. उरलेला भार सरकार उचलायचे.

माझे एक ज्येष्ठ सहकारी ड्रेस्डेनचे. आता ते निवृत्त झाले आहेत. त्यांनी एकदा कार्यालयात आपली हिरवी वही आणली होती. नोकरी व विमा या दोन्हींची नोंद असलेली ती वही पूर्व जर्मनीत प्रत्येक नोकरदाराकडे असे. कोणत्या वर्षी कुठे काम केले, किती पगार, केव्हा आजारी, कोणती लस टोचली, सगळे एका वहीत शिक्क्यानिशी. "दवाखान्यात गेल्यावर मला कधी कोणी विचारलं नाही की तुझा विमा कोणता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. लगेच पुढे म्हणाले, "पण माझ्या आईच्या खुब्याच्या सांध्यासाठी दोन वर्षं थांबलो. रांग एकच होती, हे खरं. पण ती हलायची नाही."

हे दोन्ही वाक्ये मी एकत्र लक्षात ठेवली आहेत. एक गंगाजळी असली म्हणजे तिच्यात पाणी असतेच असे नाही, आणि तिच्याविषयी तक्रार करण्याची मोकळीक असतेच असेही नाही. भिंत पडल्यावर 1 जानेवारी 1991 पासून पश्चिमेची फंडांची व्यवस्था पूर्वेला लागू झाली. एका छताखाली अनेक तज्ज्ञ बसणारी तिथली पोलिक्लिनिके बहुतेक बंद पडली. 2004 मध्ये त्याच धर्तीच्या वैद्यकीय केंद्रांना नव्या नावाने साऱ्या जर्मनीत परवानगी मिळाली, तेव्हा हे सहकारी नुसते हसले होते.

तिसरी वेळ : नागरिक विमा

तिसरा प्रयत्न आपल्यापैकी अनेकांनी इथे राहून पाहिला आहे. 2003 मध्ये अर्थतज्ज्ञ बेर्ट रूरुप यांच्या आयोगाने आपल्या अहवालात दोन पर्याय शेजारी शेजारी मांडले. एक, सर्वांना सारखाच ठोक हप्ता आणि गरिबांना करातून मदत. दुसरा, 'ब्युर्गरफेअरझिशरुंग', म्हणजे नागरिक विमा : अधिकारी, व्यावसायिक, जास्त पगारवाले, सगळ्यांनी सार्वजनिक विम्यात यायचे आणि ऐपतीप्रमाणे भरायचे. या दुसऱ्या पर्यायाचे आयोगातले पुरस्कर्ते होते कार्ल लाउटरबाख, जे 2021 मध्ये आरोग्यमंत्री झाले. ठोक हप्त्याचा पर्याय सीडीयूने डिसेंबर 2003 मध्ये लाइपझिगच्या अधिवेशनात उचलला, तर नागरिक विम्याचा समाजवादी आणि ग्रीन पक्षाने.

नेमके सांगायचे तर नागरिक विमा ही एकच संस्था नव्हे. फंड अनेकच राहणार होते. पण बाहेर पडण्याचा दरवाजा बंद होणार होता, आणि माझ्या मते कळीचा मुद्दा तोच आहे.

2005 च्या निवडणुकीनंतर हे दोन्ही पक्ष एकाच सरकारात बसले आणि दोन्ही कल्पनांचे कडबोळे झाले. त्यातून 1 जानेवारी 2009 रोजी आरोग्य निधी जन्माला आला. आज तुम्ही कोणत्याही क्रांकेनकासेचे सभासद असा, तुमचा मूळ हप्ता आधी या एकाच मध्यवर्ती निधीत जातो. तिथून तो सभासदांचे वय, लिंग आणि आजार पाहून फंडांना वाटला जातो. ज्या फंडाकडे मधुमेही आणि वृद्ध जास्त, त्याला वाटाही जास्त. संगणकवाल्यांना हे लगेच समजेल : ज्या यंत्रावर भार जास्त, तिकडे साधने जास्त वळवायची. वाचकहो, लक्षात आले का? सार्वजनिक विम्याच्या आत एक गंगाजळी गाजावाजा न होता तयार झालीसुद्धा! फंडांची संख्याही घटत 1990 मधील अकराशेच्या वरून 2023 मध्ये 96 वर आली. 2007 च्या सुधारणेने विम्याशिवाय कोणी राहू नये असे बंधनही घातले.

राहिला तो दरवाजा. 2013 आणि 2017 च्या निवडणुकांत समाजवादी पक्षाने पुन्हा नागरिक विमा मागितला. 2018 च्या युती करारात तो आला नाही, 2021 च्या करारातही नाही. विरोधकांचे मुद्दे हलके नाहीत. खासगी विमेदारांच्या म्हातारपणासाठी साठवलेला पैसा त्यांचा आहे, तो काढून घेता येत नाही. खासगी रुग्णाच्या त्याच तपासणीचे डॉक्टरला जास्त पैसे मिळतात, आणि अनेक दवाखान्यांचे गणित त्यावर चालते. सरकारी अधिकाऱ्यांना सरकारकडून उपचाराच्या खर्चाचा मोठा वाटा मिळतो, म्हणून ते खासगीतच राहतात. यातल्या शेवटच्या गाठीला हांबुर्गने 1 ऑगस्ट 2018 पासून हात घातला : अधिकाऱ्याला सार्वजनिक विमा हवा असेल तर राज्य त्याचा निम्मा हप्ता भरते. पुढे बर्लिनसह आणखी काही राज्यांनी हा मार्ग धरला. दरवाजा बंद झाला नाही, पण आत यायची एक खिडकी उघडली.

दोन रेषा

आता घरची गोष्ट. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. आमच्याकडे इएसआयचे कार्ड होते. दवाखान्यात गर्दी असे, बाटलीतले लाल औषध असे, पण माझे टायफॉइडचे आजारपण आणि धाकट्या बहिणीचा जन्म त्याच कार्डावर निभावला. राज्य कामगार विमा म्हणजे साऱ्या देशासाठी एकच महामंडळ, एकच गंगाजळी. जर्मनीला जे जमले नाही ते आपण आपल्या कामगारांपुरते केले होते. पण त्यातही पगाराची रेषा होतीच. मूळ 1948 च्या कायद्यात ती महिना 400 रुपये होती, पुढे वाढत गेली. वडिलांना बढती मिळाली, पेढे वाटले गेले, आणि काही दिवसांनी कळले की पगार रेषेपलीकडे गेल्याने कार्ड बंद होणार. आई वडिलांना म्हणाली, "अहो, पगार वाढला की आजार कमी होतात का?" त्या प्रश्नाला आमच्या घरात कोणाकडे उत्तर नव्हते.

2011 मध्ये, डॉक्टरेट संपवून तीन वर्षे नोकरी झाल्यावर, माझाही पगार इथल्या रेषेपलीकडे गेला. भारतातली रेषा बाहेर ढकलत होती, इथली बाहेर बोलावत होती. एका विमा-सल्लागाराने कागदावर आकडे मांडून दाखवले : वय 33, प्रकृती ठणठणीत, हप्ता निम्मा, तज्ज्ञ डॉक्टरची वेळ दोन दिवसांत. तो खोटे बोलला नाही. त्याने फक्त पुढची पाने उलटली नाहीत, आणि मीही उलटा म्हणालो नाही. खासगी विम्यात माणशी हप्ता असतो. पत्नीने नोकरी सोडल्यावर आणि दोन मुले झाल्यावर चार माणसांचे चार हप्ते झाले, आणि ते वर्षागणिक चढू लागले. आणखी एक पान होते : वयाची 55 वर्षे पूर्ण झाल्यावर सार्वजनिक विम्यात परतण्याची वाट जवळजवळ बंद होते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी आठवड्यातले चार दिवस काम करायला लागलो. पगार रेषेखाली आला, सक्तीचा सार्वजनिक विमा लागू झाला, आणि माझ्या एका हप्त्यात पत्नी व मुलेही आली. सगळे कायदेशीर. ही बातमी मी ड्रेस्डेनच्या सहकाऱ्यांना आनंदाने सांगितली. ते क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे तरुण आणि धडधाकट होतास तोवर बाहेर, आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर आत. दरवाजा तू ठेवला नाहीस, हे मान्य. पण त्यातून दोन्ही वेळा तूच गेलास."

ते मला लागले, कारण ते खरे होते. ज्या चौदा वर्षांत मला दवाखान्याची गरज नव्हती, त्या चौदा वर्षांत माझी भर त्या गंगाजळीत पडली नाही. ती पडत होती इथल्या दुकानांत, बसगाड्यांत, रुग्णालयांत काम करणाऱ्या, रेषेखालच्या लोकांकडून, ज्यांना कोणी पर्याय विचारला नव्हता. माझ्या वडिलांसारख्यांकडून.

इतिहास वाचून माझे मत असे झाले आहे. जर्मनीने एकच संस्था केली नाही, यात फारसे बिघडले नाही. छोट्या, आपण चालवलेल्या फंडांवरचा इथल्या लोकांचा विश्वास 1933 आणि पूर्व जर्मनी पाहिल्यावर समजण्यासारखा आहे, आणि 2009 नंतर त्या सर्व फंडांखाली पाण्याची पातळी एकच ठेवण्याची सोय झाली आहे. खोट आहे ती त्या रेषेत. 1946 च्या मसुद्याने ती पुसली होती. ती पुन्हा आखली गेली, आणि ती ओलांडणाऱ्यांत आपल्यासारखे तरुण, निरोगी, चांगल्या पगाराचे परदेशी अभियंते अगदी पुढे आहेत. नागरिक विम्याचा कायदा उद्या आला तर कदाचित आपल्याच खिशाला चाट बसेल. तरी मी त्याच्या बाजूने आहे.

मग त्या जोडप्याला काय सांगितले? दिवाळीच्या कार्यक्रमात ते पुन्हा भेटले. हिशेब मी पूर्ण मांडून दाखवला, दोन्ही बाजूंचा, 55 च्या पानासकट. खासगी विमा घेणे हे पाप नाही, ज्याची त्याची परिस्थिती वेगळी, हेही सांगितले. शेवटी आईचा प्रश्न थोडा उलटा करून सांगितला : पगार वाढला म्हणून आजार कमी होत नाहीत, तसे ज्यांचा पगार वाढला नाही त्यांचेही होत नाहीत.

मुलगी हसली आणि म्हणाली, "काका, म्हणजे तुमचं उत्तर सरकारी."

मी म्हटले, "हो. पण मला ते द्यायला चौदा वर्षं लागली."